लष्करच्या तारांवरच्या भिंगऱ्या

कानडी मुलखातल्या एका शहरात, लष्कर मोहल्ल्यात आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. खाली दुकान, वर मी. आजोबांनी राजांच्या फौजेसाठी तंबू शिवले, वडिलांनी लॉरीवाल्यांसाठी ताडपत्र्या शिवल्या, आणि मी आता येईल त्याचं काम घेते. लग्नाचे मांडव, उसाच्या ट्रॅक्टरवरची झाकणं, एकदा तर बेळगोळच्या एका कारखान्यासाठी अख्ख्या यंत्राचं अंगडं शिवलं होतं. नवरा गेल्यावर चार लोकांनी सुचवलं, दुकान भाड्याने दे आणि लेकीकडे जाऊन राहा. मी ऐकलं नाही. कुणाचं ऐकण्याची सवय मला मुळातच कमी.

आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात भिंगऱ्या येतात, चिमणीएवढी पाखरं. पाठ निळी-काळी, गळा विटकरी, शेपटीला मधोमध चीर. दिवाळी झाली की एखाद्या संध्याकाळी पंधरा-वीस दिसतात, आठवड्याभरात तारा भरून जातात. दिवसभर त्या कुठे असतात देव जाणे, तळ्यांवर आणि शेतांवर किडे टिपत फिरत असतील. दिवे लागायच्या वेळेला मात्र सगळ्या आमच्या गल्लीवर येतात, गरगर फिरतात, आणि मग विजेच्या तारांवर बसून घेतात. दोघींच्या मध्ये अंतर अगदी सारखं. एवढी गर्दी असून कुणी कुणाला टेकत नाही. आमच्या गल्लीतली माणसं एवढं नीट कधीच उभी राहिलेली नाहीत, रेशनच्या रांगेतसुद्धा नाही.

गावाच्या कडेची शांत झाडं सोडून त्या या गोंगाटात का येतात, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. मोटारसायकलचे हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, आमच्या शिलाई मशिनी, सगळं चालू असतं आणि या वर किलबिलत बसतात. मी त्यांच्याकडे बघते आणि मला बरं वाटतं. यापेक्षा मोठं कारण मला देता येत नाही, आणि मी ते शोधतही नाही.

माघात त्यांची पिसं गळतात. सकाळी पायरी झाडताना केरात छोटी काळी पिसं निघतात. नवी पिसं येतात आणि शेपटीची दोन टोकं हळूहळू लांब व्हायला लागतात. होळीनंतर पाहावं तर काहींच्या शेपट्या सुईसारख्या लांब झालेल्या असतात, काहींच्या अजून आखूडच. सगळ्यांच्या लांब झाल्या की समजायचं, आता निघायच्या बेतात आहेत. मग चैत्रात एक दिवस त्या संध्याकाळी येतच नाहीत. उत्तरेला जातात, हिमालयाकडे आणि त्याच्याही पलीकडे.

हे मला कळलं ते लेकीमुळे. ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका बंदरात नोकरीला आहे. रविवारी तिथल्या पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर मिठागरांवर जाते. वसंत सुरू झाला की तिचे फोन सुरू होतात. आज अमुक पाखरांचे थवे वर गेले, काल तमुक दिसले. मराठी तिची बेताची, मधूनच कानडी घुसतं, पण उत्साह भरपूर. "आई, आज इथे भिंगऱ्या सुम्ने, नुसत्या ओतल्यासारख्या होत्या गं. वायरवर जागाच इल्ला!" असं ती सांगते आणि मी आमच्या तारांकडे बघते.

आता भांडणाकडे येते.

समोर स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान आहे. मालक माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत गोट्या खेळलो, त्यामुळे तो मला अक्का म्हणतो, आणि आमच्या घरात वाढल्यासारखं मराठीही बोलतो. मनाने वाईट नाही, पण एकदा गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघत नाही. या वर्षी त्याने दुकान पाडून नवं केलं. काचा, पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, वर लखलखते दिवे. उद्‌घाटन पाडव्याला. सकाळी पूजा, संध्याकाळी पाहुणे. आणि त्या पांढऱ्या पायऱ्यांवरून थेट रस्त्याच्या मधोमधपर्यंत विजेच्या तारांचं जाळं पसरलंय.

गणपतीच्या देवळाच्या मंडपात गल्लीतल्या दुकानदारांची बैठक त्याने बोलावली. मी गेले. तिथे सगळं ठरवूनच आलेले होते. रोज संध्याकाळी तारांखाली फटाके लावायचे. दोन-तीन दिवस सलग लावले की पाखरं दुसरीकडे जातील.

मी म्हटलं, "पाडव्यानंतर थोडे दिवस थांबा. त्या स्वतःहून जाणार आहेत."

"स्वतःहून जायच्याच आहेत ना अक्का, मग आपण थोडं आधी पाठवलं तर काय बिघडलं?" तो म्हणाला.

"निम्म्यांच्या शेपट्या अजून वाढल्या नाहीत. पिसं नवी आहेत. आत्ता उठवलंत तर अर्धवट तयारीने हिंडतील."

मंडपात हशा पिकला. एक कापडवाला म्हणाला, "अक्का, अवु होरगिनवु. बाहेरची पाखरं. चार महिने राहतात, घाण करतात, निघून जातात. आपलं काय नातं?"

माझं डोकं फिरलं ते 'बाहेरची' या शब्दावर. आमचं घराणं सात-आठ पिढ्या याच मोहल्ल्यात आहे. तरी बँकेत, लग्नात, दवाखान्यात कुणीतरी विचारतंच, तुमचं मूळ गाव कुठलं? मी सांगते, लष्कर मोहल्ला. तर म्हणतात, तसं नाही हो, त्याआधीचं. त्याआधी मी जन्मलेली नव्हते, एवढंच मला ठाऊक आहे. बाहेरचं कोण आणि आतलं कोण, हे ठरवायला बसलेल्या लोकांची मला चीड आहे, मग समोर माणूस असो की पाखरू.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "घाणीचंच दुखणं आहे ना? तुमच्या एकाही गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काही पडणार नाही, ही जबाबदारी माझी. मी गल्लीवर ताडपत्री ताणते. पाडव्यापर्यंत कुणी फटाका लावायचा नाही. माझी ताडपत्री कमी पडली तर मग तुम्हाला काय करायचं ते करा, मी तोंड उघडणार नाही."

तोंड न उघडण्याच्या वचनाचंच सगळ्यांना अप्रूप वाटलं असावं. लगेच मान्य झालं.

आम्ही कामाला लागलो. माझे दोन शिलाईवाले आणि मी. निळी जाड ताडपत्री, जोडावर दुहेरी शिवण, काठाला पितळी कड्या. आमच्या दुकानात एक रीत आहे. आजोबांपासून चालत आलेली. शिवलेलं कापड पाण्याच्या परीक्षेशिवाय बाहेर जात नाही. चारी कोपरे बांधून कापड ताणायचं, मधोमध कळशीभर पाणी ओतायचं आणि खालून हात फिरवून बघायचं. एक थेंब जरी पाझरला तरी शिवण उसवायची. या परीक्षेत आमचं कापड नापास झालं की वडील त्या दिवशी जेवत नसत. आम्ही गल्लीच्या मधोमध परीक्षा घेतली. भांडीवाल्यानेही येऊन खालून हात फिरवला. "कोरडं आहे," म्हणाला. "अक्का, भले!"

पाडव्याला चार दिवस होते. दुपारी ताडपत्री दोन्ही बाजूंच्या गच्च्यांना बांधली. तारांच्या खाली, माणसांच्या वर. मी खाली उभी राहून बघत होते आणि माझी छाती फुगली होती.

संध्याकाळी भिंगऱ्या आल्या. गरगर फिरल्या. खाली उतरायला लागल्या आणि तेवढ्यात वारा सुटला. ताडपत्री फडफडली. फट्, फट्, फट्. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठली. खालच्या दिव्यांच्या उजेडात ते निळं कापड समुद्रासारखं वरखाली होत होतं. थवा उधळला. परत आला. परत उतरायला लागला, परत फट्. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी अंधार पडला आणि त्या गेल्या. एकही बसली नाही.

आमच्या घराण्याने तीन पिढ्या पाण्याची परीक्षा घेतली होती. वाऱ्याची कुणी घेतली नव्हती.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. भांडीवाला रस्ता ओलांडून आला, हातात मैसूरपाकाचा डबा. "अक्का, फटाक्याशिवाय काम केलंत! मला आधी कळलंच नाही तुमच्या मनात काय होतं. किती हुशार बाई हो तुम्ही!"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की मी मुद्दाम केलं. त्याने डबा पुढे धरला आणि मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी डबा घेतला नाही. वर गेले, मोठी कात्री घेतली, आणि गच्चीवरून एकेक दोरी कापत सुटले. ताडपत्रीचं एक टोक खाली पडलं, ते त्याच्या नव्या पायऱ्यांवर. शिलाईवाले ओरडले, अम्मा, सोडून काढा, कड्या खराब होतील. होऊ देत, म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं, तारा मोकळ्या होत्या. भिंगऱ्या आल्या नाहीत.

लेकीचा फोन आला. मी सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आई, तसं वाईट वाटून घेऊ नको गं. इथे किनाऱ्यावर आज खूप दिसल्या. सीझनच आहे. तुझ्या त्या पण निघाल्या असतील. योगायोग असेल."

पोरगी चांगली आहे, माझं मन हलकं करायला बघत होती. आणि क्षणभर मलाही ते पटवून घ्यावंसं वाटलं. किती सोपं होतं! गेल्या, वेळ झाली होती म्हणून गेल्या, माझ्या कापडाचा काही संबंध नाही. गल्ली खूश, भांडीवाला खूश, मीही मोकळी. पण आखूड शेपट्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. मी म्हटलं, "निघाल्या नाहीत. मी हाकलल्या. या दोन्हींत फरक आहे आणि तो मला पुसून टाकायचा नाहीये."

"मग काय करणार?"

"शोधणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटर काढली आणि मोहल्ल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मान वर करून स्कूटर चालवणारी साठीला टेकलेली बाई बघून लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. एका गॅरेजवाल्याने विचारलं, "एनु हुडकता आहात अम्मा?" पाखरं शोधतेय म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. शेवटी सापडल्या, भंगाराच्या गोदामांमागे. तिथे एका उंच दिव्याभोवती फिरत होत्या. तारेवर बसायच्या आणि खाली कुणीतरी पत्र्यावर काठी आपटायचं, की पुन्हा उठायच्या. मी तिथे उभी राहून बराच वेळ बघितलं. दर वेळी उठताना त्या थोड्या कमी उंच जात होत्या. दमल्या होत्या. त्या माणसाला मी दोन शब्द सुनावले. त्याने काठी खाली ठेवली आणि मी वळल्यावर पुन्हा उचलली, तो आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

घरी येऊन माळा उघडला. वडिलांच्या काळचं कॅनव्हास तिथे पडून होतं. मातकट रंगाचं, मेण लावलेलं, इतकं जड की उचलायला दोघं लागतात. त्याला वारा हलवू शकत नाही. आणि या वेळी मी डोकं चालवलं. गल्ली झाकायचीच कशाला? आभाळ पाखरांचं आहे. झाकायच्या त्या पायऱ्या आणि फुटपाथ. दोन्ही बाजूंच्या दुकानांना, दारावर, तारांपासून लांब, खाली उतरती पडवी बांधायची. रस्त्याच्या मधोमध पडेल ते पडू दे, तिथे तसंही स्कूटरीच उभ्या असतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कॅनव्हास कापून आम्ही एकेका दुकानाला पडवी बांधली. कापडवाला नको म्हणाला. मी म्हटलं, नको तर नको, तुमच्या साड्यांवर पडलं तर मला बोलवू नका. त्याने बांधून घेतली. भांडीवाल्याच्या चकचकीत काचांवर मातकट कॅनव्हास लोंबायला लागलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अक्का, शोभा जाते हो सगळी!"

"पायऱ्या पांढऱ्या राहतील."

"पण पाखरं तर गेली ना? आता हे कशाला?"

"येतील."

"अक्का, बिडी ना, सोडा आता," तो वैतागून म्हणाला. "आली तर मग मी गप्प बसणार नाही. एकदा तुम्ही संधी घेतलीत. ठरलं होतं."

ठरलं होतं, हे खरं. कापड कमी पडलं तर मी तोंड उघडणार नव्हते. पण कापड कमी पडलं नव्हतं, जास्त पडलं होतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने हात जोडले आणि आत गेला.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, कडुलिंब-गूळ खाल्ला, शेजारी वाटला, समोर त्याच्या घरीही दिला. संध्याकाळी माझी जांभळी रेशमी साडी नेसून खाली आले. गल्ली नटलेली. पाहुणे जमले होते, बायका पायऱ्यांवर हळदी-कुंकू घेत होत्या. आणि त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध, बरोबर तारांखाली, फटाक्यांची लांबलचक लाल माळ पसरून ठेवली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"उद्‌घाटन आहे अक्का. पटाकी नको?" तो म्हणाला. डोळे माझ्याकडे नव्हते.

तेवढ्यात पहिल्या दहा-बारा आल्या. आपली जुनी जागा त्यांनी सोडली नव्हती. वरून एक चक्कर मारली, खाली आल्या, आणि तारेवर बसल्या. मातकट कॅनव्हास जागचं हललं नाही. आणखी आल्या. बघता बघता आभाळ भरलं. पाहुण्यांतली मुलं वर बोटं दाखवायला लागली. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसून बघत राहिले. भांडीवाला खिशातून काडेपेटी काढत होता.

मी आमच्या दुकानातलं लाकडी स्टूल उचललं, रस्त्याच्या मधोमध नेलं, फटाक्यांच्या माळेवर ठेवलं आणि त्यावर बसले.

कुणीतरी हसलं आणि थांबलं. तो धावत आला. "अक्का, एळी, लोक बघतायत!"

"एळोदिल्ला. उठणार नाही."

"अक्का, माझ्या दुकानाचा दिवस आहे हो आज. असं करू नका."

मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याने आयुष्यभराची कमाई त्या काचांत घातली होती आणि पाहुण्यांसमोर एक म्हातारी शेजारीण रस्त्यात ठाण मांडून बसली होती. पण वाईट वाटलं म्हणून उठायचं, हे मी आयुष्यात पुष्कळदा केलं आहे, आणि दर वेळी माझ्या उठण्याने दुसऱ्याचीच सोय झाली आहे. मी म्हटलं, "तुझ्या पायऱ्या बघ. पांढऱ्या आहेत. पाहुणे बघ. कोरडे आहेत. माझं काम मी केलंय. आता काडी लावायची तर माझ्या स्टुलाखाली लाव."

वरून टपकन काहीतरी पडलं, माझ्या खांद्यावर, जांभळ्या रेशमावर. मग आणखी एक, मांडीवर. कापडवाल्याची बायको रुमाल घेऊन धावली. मी हात वर करून तिला थांबवलं.

"अम्मा, निदान इकडे कापडाखाली तरी येऊन बसा," ती म्हणाली.

"कापड गिऱ्हाइकांसाठी आहे."

तो काडेपेटी हातात घेऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत होता, वर बघत होता. वर तारा पूर्ण भरल्या होत्या आणि त्या सगळ्या एकदम बोलत होत्या, जशा बोलतात, थांबता थांबत नाहीत. पाहुण्यांतलं एक लहान पोर म्हणालं, अप्पा, पटाकी बेडा, नको. मग आणखी एक म्हणालं. त्याने काडेपेटी खिशात टाकली, खाली वाकला आणि माळेचं एक टोक धरून गुंडाळायला लागला. माझ्या स्टुलापर्यंत आला आणि थांबला.

"पाय वर घ्या, अक्का," तो म्हणाला.

मी पाय वर घेतले. त्याने स्टुलाखालून माळ ओढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. मी तशीच बसून राहिले, शेवटची भिंगरी बसेपर्यंत, आणि त्यानंतरही.

त्या चैत्रात त्या बरेच दिवस राहिल्या. शेपट्या लांब झाल्या. रोज सकाळी अंधार असतानाच उठत, रोज दिवे लागताना परत येत. एका संध्याकाळी आल्या नाहीत. समोरून भांडीवाल्याने पायरीवर उभं राहून वर बघितलं आणि मला विचारलं, "कुणी हाकललं काय?"

"नाही," मी म्हटलं. "गेल्या."